लक्ष्मीबाई टिळक : विटाळाच्या भीतीतून बाहेर
लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. माहेरच्या मनू गोखले. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी त्याचा धसका घेतला. त्यांना विटाळाची भीती बसली ती बसलीच. घरात मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! त्या सोवळ्यापायी बायकोमुलांचे फार हाल झाले.

हेच सोवळं लक्ष्मीबाईंच्या अंगात मुरलं. १८९५ला पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. पुढे त्यांच्याकडे राहायला आल्यावरही बाईंनी स्वयंपाक-पाणी वेगळंच ठेवलं. मग एके दिवशी मनाला पटलं, की जाती माणसानं केल्यात. तेव्हापासून कुणाच्याही हातचं पाणी चालू लागलं. १९००मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या भीतीनं माहेर पोळलं, ती त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त हसत-हसत सांगितली.