ऋतूंचे सहप्रवासी : एडविन वे टील

ऋतू आपल्या दारी येतात आणि जातात. आपण त्यांची वाट पाहतो, त्यांचे सणवार करतो. पण उठून त्यांच्यामागून चालू लागावे, असे आपल्या मनात सहसा येत नाही. अमेरिकेत अशी माणसे आज पुष्कळ आहेत. चूल, बिछाना, पाण्याची टाकी असे सारे बिऱ्हाड एका मोठ्या मोटारीत मांडून ती उन्हाळ्यात उत्तरेकडे जातात आणि थंडी पडू लागली की दक्षिणेकडे वळतात. त्यांच्याविषयी वाचताना मला नेहमी आठवण होते ती एडविन वे टील या निसर्गलेखकाची आणि त्यांच्या पत्नी नेलीबाई यांची. या दोघांपाशी चाकांवरचे घर नव्हते, साधी मोटार होती. तरी चारही ऋतूंमागून ती दोघे हजारो मैल हिंडली. त्यांच्या प्रवासाला एका दुःखाची सोबत होती आणि ते दुःख कोणत्याही आईला सांगून समजवावे लागणार नाही. म्हणून ही हकीकत भगिनींपुढे ठेवीत आहे.

टील यांचा जन्म २ जून १८९९ रोजी इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी झाला. सुट्टी लागली की मुलगा आजोळी जाई. इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराच्या वाळूच्या टेकड्यांजवळ आजी-आजोबांचे शेत होते. तेथील किडे, पाखरे आणि रानवाटा यांनी त्याला असे वेड लावले की, आपण निसर्गाचे अभ्यासक व्हायचे, हे त्याने लहानपणीच ठरवून टाकले. पहिला कॅमेरा घेण्यासाठी त्याने शेतातील स्ट्रॉबेरी खुडून पैसे जमविले. आईच्या माहेरचे आडनाव 'वे' असे होते. तेही त्याने मोठ्या हौसेने आपल्या नावात घेतले.

अर्लहॅम कॉलेजात शिकत असताना नेली डोनोव्हन यांची ओळख झाली आणि १९२३ साली दोघांचा विवाह झाला. पुढे टील न्यूयॉर्कला आले. १९२८ पासून तेरा वर्षे त्यांनी एका विज्ञानविषयक मासिकात नोकरी केली. पगार वेळेवर मिळे, पण मन रमेना. १९४१ साली त्यांनी नोकरी सोडली आणि केवळ लेखनावर व छायाचित्रांवर संसार चालविण्याचे ठरविले. घरात मुलगा शिकता असताना कर्त्या माणसाने असा निर्णय घ्यावा आणि गृहिणीने त्याला मान डोलवावी, यात केवढे धाडस आहे, हे महिन्याचा हिशेब लिहिणाऱ्या बायकांना सहज कळेल.

डेव्हिड हा त्यांचा एकुलता एक मुलगा. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात गेला. १९४५ च्या मार्च महिन्यात, युरोपातील युद्ध संपायला दोन महिनेसुद्धा उरले नव्हते तेव्हा, तो जर्मनीत बेपत्ता झाला. आशा आणि भीती यांच्या हिंदोळ्यावर आईबापांना दिवस काढावे लागले आणि अखेर तो गेल्याचे निश्चित कळले.

वसंताबरोबर उत्तरेकडे प्रवास करावा, ही कल्पना पतिपत्नींच्या मनात फार दिवसांची होती. पैशाची ओढाताण, मग युद्ध, अशा कारणांनी ती लांबणीवर पडत गेली. मुलगा गेल्यावर त्या बेतात काय अर्थ उरला, असे कोणीही म्हटले असते. पण १९४७ च्या फेब्रुवारीत दोघांनी मोटार बाहेर काढली आणि फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीपासून प्रवासाला प्रारंभ केला.

वसंत ऋतू तेथे एकदम सगळीकडे अवतरत नाही. सूर्य उत्तरेकडे सरकतो तशी जमीन तापत जाते आणि पालवी दिवसाला सुमारे पंधरा मैल या वेगाने वर चढत जाते. आपल्या वारकऱ्यांची एका दिवसाची मजल साधारण एवढीच असते, म्हणजे वसंत पायी चालतो म्हणायला हरकत नाही! डोंगरावर तर तो दिवसाला शंभर फुटांच्या आसपासच चढतो. त्यामुळे पायथ्याशी फुले गळू लागली तरी माथ्यावर कळ्या मिटलेल्याच असतात. या मंद पाहुण्याच्या सोबतीने, मध्येच मागे वळत, आडवाटांना जात, टील दांपत्याने सुमारे १७,००० मैलांचा प्रवास केला. जूनमध्ये न्यू हॅम्पशरच्या डोंगराळ मुलखात त्यांनी वसंताचा निरोप घेतला. या प्रवासाचे पुस्तक १९५१ साली निघाले आणि ते डेव्हिडला अर्पण केलेले होते.

मग बाकीचे ऋतूही त्यांना बोलावू लागले. १९५२ मध्ये ती दोघे शरद ऋतूबरोबर अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत गेली. १९५७ चा उन्हाळा त्यांनी न्यू हॅम्पशरपासून कोलोरॅडोच्या पाइक्स शिखरापर्यंत पाहिला. शेवटचा प्रवास १९६१-६२ च्या हिवाळ्यातला, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकापासून ईशान्येकडील मेन राज्यापर्यंतचा. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आपल्या रातव्याच्या जातीचा एक लहान पक्षी आहे. तो थंडीत खडकाच्या कपारीत निजून राहतो. त्याचे अंग गार पडते, श्वास जाणवेनासा होतो आणि ऊब परतली की तो पुन्हा पंख पसरतो. हा शोध १९४६ साली लागला होता. मेल्यासारखे दिसणारे सारेच मेलेले नसते, हे त्या आईबापांना त्या कपारीशी उभे राहून जाणवले असेल का, असा विचार माझ्या मनात येऊन जातो. हिवाळ्याच्या पुस्तकाला १९६६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. चारही पुस्तके त्यांनी डेव्हिडच्याच नावे अर्पण केली आहेत.

कोणी म्हणेल, हे दुःखापासून पळणे झाले. मला तसे वाटत नाही. पळणारा माणूस दुःख घरी ठेवून जाऊ पाहतो. या दोघांनी ते मोटारीत आपल्यामध्ये बसवून घेतले आणि त्याला सारा देश दाखविला. पुस्तकांवर नाव एकट्या टील यांचे आहे, पण त्यांतील प्रवास दोघांचा आहे. नेलीबाईंना पाखरांची उत्तम जाण होती. पतीच्या लेखनात त्या जागोजागी दिसतात. ज्या आईच्या पोटचा गोळा गेला तिने पुन्हा फुलाकडे पाहण्याचे बळ आणावे, यातील थोरवी कोणत्याही पारितोषिकाने मोजता येणार नाही.

१९५९ साली दोघे कनेक्टिकटमधील हॅम्प्टन गावी एका जुन्या शेतावर राहायला गेली. त्या जागेला त्यांनी ट्रेल वुड हे नाव दिले. तेथील रानवाटा, तळे आणि कुरणे यांत पुढची वर्षे गेली. १९८० साली टील निवर्तले. नेलीबाई मात्र १९९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिल्या. आज ती जागा कनेक्टिकट ऑड्युबन सोसायटी या संस्थेकडे अभयारण्य म्हणून आहे आणि लोक त्यांच्या पाऊलवाटांनी फिरतात.

हजारो मैल हिंडणे आपल्याला कोठून जमणार? पण टील यांचे १९५३ सालचे आणखी एक पुस्तक आहे. त्यात त्यांनी वर्षाच्या प्रत्येक दिवसाची निसर्गनोंद लिहिली आहे आणि त्यासाठी त्यांना घराचा परिसर बहुतांशी पुरला. एवढे तर आपणही करू शकतो. मंडळात एक वही ठेवावी. पळस कधी पेटला, कोकिळेचा पहिला आवाज कोणी ऐकला, आंब्याला मोहोर कधी आला, बहावा केव्हा झुलू लागला, पहिल्या पावसाचा वास कोणत्या दिवशी आला, हे ज्या भगिनीला आढळेल तिने तारखेसह लिहावे. पुढील वर्धापनदिनाला ती वही आपण सर्वांनी मिळून वाचू. आपल्यापैकी कोणाच्या घरात यंदा काळोख असेल, तर तिच्या हाती ही वही आवर्जून द्यावी, एवढेच सुचवून थांबते.