विश्लेषण : अहमदनगरच्या निजामशाहाचा पोर्तुगीज वैद्य आणि २० पानांचे शुद्धिपत्र

पूजेच्या सामानाच्या दुकानात साधा कापूर आणि भीमसेनी कापूर शेजारीशेजारी ठेवलेले असतात. दिसायला सारखेच, पण भीमसेनी म्हणून विकला जाणारा कितीतरी महाग. दोन्ही एकच आहेत की वेगळे, हा प्रश्न ४५० वर्षांपूर्वी युरोपातल्या वैद्यांनाही पडला होता. त्याचे उत्तर छापून देणारा माणूस गोव्यात राहत होता आणि अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) निजामशाहावर उपचार करत होता. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. कापूर, चंदन, दालचिनी, लवंग अशा सुगंधी द्रव्यांवर, म्हणजे ज्यांची ‘इसेन्शियल ऑइल’ आज बाटलीतून विकली जातात त्यांच्यावर, त्याने लिहिले. लिहिण्यापूर्वी त्याने हकिमांपासून व्यापाऱ्यांपर्यंत अनेकांना विचारले आणि छापल्यानंतर स्वतःच्या चुकांची यादीही पुस्तकात जोडली.

गार्सिया द ओर्ता कोण होता?

त्याचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हीद या गावी झाला. आईवडील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढले तेव्हा ते सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पाच वर्षांनी तिथेही सक्तीचे धर्मांतर झाले आणि हे कुटुंब कागदोपत्री ख्रिस्ती बनले. ओर्ता सालामांका आणि अल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत वैद्यक शिकला, पुढे लिस्बनमध्ये शिकवू लागला. १५३४ मध्ये आरमारप्रमुख मार्तिम आफोन्सो द सौझा याचा वैद्य म्हणून तो जहाजावर चढला आणि त्याच वर्षी गोव्यात उतरला. पुन्हा पोर्तुगालला तो कधीच गेला नाही. धर्मांतरितांवर तिथे वाढत चाललेली पाळत पाहता, हा प्रवास केवळ नोकरीसाठी नसावा.

अहमदनगरशी संबंध कसा आला?

त्या वेळी अहमदनगरच्या गादीवर पहिला बुऱ्हाण निजामशाह होता. लहानपणीच गादीवर बसलेल्या या सुलतानाने १५५३ पर्यंत राज्य केले. त्याच्या दरबारात अरब आणि इराणी हकिमांची वर्दळ होती. ओर्ता सह्याद्री ओलांडून वेळोवेळी तिथे जाई, सुलतानावर आणि त्याच्या मुलांवर उपचार करी. बिदागी भरघोस मिळे. पण ओर्ताने आवर्जून नोंदवलेली गोष्ट वेगळीच आहे. सुलतान त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवत असे आणि ओर्ता सुलतानाला लॅटिन नावे.

हे वरवर पाहता गमतीचे वाटते, पण औषधाच्या व्यापारात नाव चुकले की माल चुकतो. प्राचीन ग्रीक ग्रंथातली एखादी मुळी, अरबी ग्रंथातली तिच्याच नावाची मुळी आणि गोव्याच्या बाजारातली मुळी या तिन्ही एकच, हे कोणी तपासलेले नव्हते. इथले हकीम गेलन आणि इब्न सीना दोघांनाही वाचलेले होते, पण ग्रंथाबरोबर झाड आणि व्यापारीही त्यांच्या समोर होते. ओर्ताने त्यांना विचारले, तसेच गोव्यातल्या हिंदू वैद्यांना, मलाक्काहून येणाऱ्या व्यापाऱ्यांना, आणि घरातल्या नोकरांनाही. फणस, करवंद, भिरंड (कोकम) यांची माहिती त्याने याच रीतीने गोळा केली. रुग्णाला आधी युरोपीय औषध द्यायचे आणि गुण आला नाही तर इथल्या वैद्यांचे, असा त्याचा शिरस्ता होता.

पुस्तकात नेमके काय होते?

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात त्याचे पुस्तक छापून झाले. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. भाषा विद्वानांची लॅटिन नव्हे, तर पोर्तुगीज. मांडणी संवादाची. स्पेनहून आलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य जुन्या ग्रंथांचे दाखले देत शंका काढतो आणि ओर्ता आपण पाहिलेले सांगून त्या खोडतो. दोघेही त्याच विद्यापीठांत शिकलेले. त्यामुळे रुआनो म्हणजे जहाजावर चढण्यापूर्वीचा ओर्ताच, असे वाचताना जाणवते. स्पेनमध्ये असतो तर गेलनविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, अशी कबुलीही त्याने देऊन टाकली आहे. पोर्तुगालचा महाकवी कामोंइश याची छापून आलेली पहिली कविताही याच पुस्तकात आहे.

आता कापराकडे येऊ. ओर्ताने दोन जाती सांगितल्या. एक बोर्निओचा, फार महाग. दुसरा चीनचा, स्वस्त, आणि युरोपात पोहोचणारा बहुतेक हाच. आजचे रसायनशास्त्र या विभागणीला दुजोरा देते. बोर्निओ-सुमात्राकडच्या झाडाच्या खोडात मिळणाऱ्या कापराचा मुख्य घटक बोर्निओल, तर चिनी कापराच्या झाडाचे लाकूड वाफवून मिळतो तो कॅम्फर. रेणू वेगळे, झाडांची कुळेही वेगळी. चंदनाबाबतही त्याने हेच केले. तिमोरहून येणारे सुगंधी चंदन वेगळे आणि रक्तचंदन वेगळे. रक्तचंदनाला चंदनासारखा वास नाही, हे नाकाने कळणारे सत्य ग्रंथांच्या गर्दीत हरवले होते.

मग चुका कुठे झाल्या?

भरपूर झाल्या, आणि त्यातल्या अनेक छपाईच्या होत्या. टंक अपुरे, छापखान्याचा अनुभव कमी. शेवटी पुस्तकाला सुमारे २० पानांचे शुद्धिपत्र जोडावे लागले आणि तेही अपुरे पडले.

काही चुका मात्र खुद्द ओर्ताच्या. काळी मिरी आणि पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींची, असे त्याने लिहिले. प्रत्यक्षात वेल एकच. पिकलेल्या फळाची साल काढली की पांढरी मिरी तयार होते. मिरीच्या प्रदेशापासून एवढ्या जवळ राहून ही चूक व्हावी, याचे नवल वाटते. दालचिनी आणि तिच्यासारखी दिसणारी कॅशिया एकच, असेही त्याचे मत होते. आज त्या दोन वेगळ्या जाती मानल्या जातात.

पुस्तक युरोपात कसे पोहोचले?

१५६४ च्या अखेरीस शार्ल द लेक्लूझ ऊर्फ क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लिस्बनमध्ये ही प्रत पडली. त्याने समासात टिपणे करत ती वाचली आणि १५६७ मध्ये अँटवर्पला लॅटिन सारांश छापला. शीर्षकाचा पहिलाच शब्द होता सुगंधी द्रव्यांचा. संपादन कठोर होते. रुआनो गेला, गप्पा गेल्या, विषयांचा क्रम बदलला, चित्रे आणि स्वतःची टिपणे आली. दरम्यान क्रिस्तोव्हाओ द कोस्ता या वैद्याने भारतात येऊन झाडे पाहिली आणि १५७८ मध्ये ओर्ताच्याच आधारे चित्रांसह स्पॅनिश पुस्तक काढले. विद्वानांना हवा होता तो मजकूर मिळाला. पण निजामशाहाच्या दरबारातले किस्से आणि कुणी काय सांगितले याचा माग या संक्षेपात बराच पुसट झाला, ही किंमत लहान नव्हती. पूर्ण पुस्तक इंग्रजीत यायला १९१३ साल उजाडले.

शेवट कसा झाला?

पोर्तुगीजांनी मुंबई बेटही ओर्ताला वार्षिक खंडाने दिले होते. आयुष्यभर तो मानाने जगला आणि १५६८ मध्ये गोव्यात वारला. मात्र गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले होते. ओर्ताच्या मृत्यूनंतर त्याची बहीण कातारिना पकडली गेली. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ मध्ये तिला जाळण्यात आले. त्याच चौकशीत भावाचे नावही आले. पुस्तकात ग्रीकांपासून अरबांपर्यंत सगळ्यांना प्रश्न विचारणाऱ्या या माणसाने स्वतःच्या श्रद्धेबद्दल एक अक्षरही लिहिले नव्हते.

१५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. त्याच्या आदल्याच वर्षी, १५७९ मध्ये, अँटवर्पला क्लुसियसने त्याच्या पुस्तकाची आणखी एक आवृत्ती काढली होती. पुढची १५९३ मध्ये निघाली, मुखपृष्ठावर ओर्ताच्या नावासह.