विश्लेषण : मेकॅनिकलची पदवी नसलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रविद्या कसे शिकले?

अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की पांढरकवड्यासारख्या कापूसपट्ट्यातल्या घरांतही मेकॅनिकल घ्यायचे की कॉम्प्युटर, यावर खल होतो. लोखंडी नांगर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांपुढे हा प्रश्न आलाच नाही. ते विद्यापीठात गेलेच नव्हते.

चित्रकार व्हायचे होते

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. १८८५ मध्ये ते चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. मात्र काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते. रंगकाम सुटले, यंत्रांची रेखाटने काढणे सुरूच राहिले. त्याच बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, यांत्रिक रेखाटन शिकवण्याची नोकरी मिळाली.

खरे शिक्षण इथे झाले. दिवसा मुलांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात संस्थेच्या वर्कशॉपमध्ये यंत्रे हाताळायची, इंग्रजी तांत्रिक पुस्तके वाचायची. पहिल्या वर्षाला इंजिनीअरिंग ड्रॉइंगमध्ये अडकणाऱ्यांना पटणार नाही, पण सुटा भाग कागदावर तिन्ही बाजूंनी अचूक मांडता आला, की तो घडवण्याचे निम्मे काम झालेले असते. लक्ष्मणरावांकडे नेमके तेच कौशल्य होते.

नोकरी का सोडली?

बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. तिथे थोरले बंधू रामुअण्णांसोबत त्यांचे सायकलचे दुकान होतेच. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर बनवणे एक वेळ सोपे, तो विकणे अवघड होते. लाकडी नांगर जमीन चिरतो. लोखंडी नांगराचे वळणदार पाते मातीचा थर उचलून उलटा टाकते, त्यामुळे तणाची मुळे उघडी पडतात. पण लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी धास्ती शेतकऱ्यांना होती. पहिले नांगर खपायला जवळपास दोन वर्षे लागली. विदर्भात नवे अवजार किंवा बियाणे दुसऱ्याच्या वावरात पाहिल्याशिवाय न घेणाऱ्यांना ही सावधगिरी ओळखीची वाटेल, आणि ती अगदीच चूक नाही.

तेवढ्यात बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

मग मुलाला अमेरिकेला का पाठवले?

स्वतः पदवीशिवाय कारखाना उभारलेल्या लक्ष्मणरावांनी मुलाच्या बाबतीत मात्र वेगळा निर्णय घेतला. १९२२ मध्ये शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले आणि १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेऊन परतले. वर्कशॉपमध्ये हात बसतो; पण इंजिनातले उष्णता आणि दाबाचे गणित केवळ निरीक्षणातून हाती लागत नाही. नांगरावरून डिझेल इंजिनाकडे जायचे तर ते लागणारच होते. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. ती लक्ष्मणरावांच्या हयातीतच. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.