ग्रॅहॅम बेलने मेलेल्या माणसाच्या कानावर प्रयोग केला, आज तेच वेड ट्रान्सक्रिप्शनच्या नोकऱ्यांपर्यंत पोहोचलंय

डॉक्टर बोलतो आणि कम्प्युटर टाइप करतो. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये हे आता नेहमीचं झालंय. मग हेडफोन लावून तिथल्या डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करणाऱ्या भारतातल्या पोरापोरींचं काय होणार?

या प्रश्नाचं मूळ शोधत गेलं की एक ओळखीचं नाव सापडतं. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल.

टेलिफोनवाला बेल शाळेपासून सगळ्यांना माहितीये. पण त्याला खरा नाद होता तो बोललेलं डोळ्यांना दिसावं याचा.

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ ला एडिंबरामध्ये झाला. आईला ऐकू कमी यायचं. वडील उच्चार शिकवायचे. त्यांनी व्हिजिबल स्पीच नावाची लिपी तयार केली, ज्यात तोंडातून निघणाऱ्या प्रत्येक आवाजाला एक खूण होती. त्या खुणा वाचून पोरगा बेल चक्क संस्कृतही म्हणून दाखवायचा. उच्चार बरोबर, पण अर्थ ओ की ठो कळायचा नाही. हे लक्षात ठेवा.

दोन भाऊ टीबीने गेले आणि १८७० मध्ये कुटुंब कॅनडाला आलं. पुढच्याच वर्षी बेल बोस्टनमध्ये कर्णबधिरांना शिकवायला लागला. १८७४ मध्ये कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी त्याला मेलेल्या माणसाचा कान मिळवून दिला. त्याला गवताची काडी जोडायची, समोर काजळी धरलेली काच ठेवायची आणि बोलायचं. आवाजाची रेघ काचेवर उमटायची. यातूनच टेलिफोनची कल्पना पुढे गेली आणि १८७६ मध्ये पेटंट मिळालं.

१८८० मध्ये फ्रान्सने त्याला ५०,००० फ्रँकचं व्होल्टा पारितोषिक दिलं. तो पैसा त्याने प्रयोगशाळेत घातला. एडिसनचा फोनोग्राफ तेव्हा आला होता, पण पातळ पत्र्यावरचा आवाज फार टिकत नसे. बेलच्या टीमने मेण वापरलं आणि १८८६ मध्ये ग्राफोफोनचं पेटंट मिळालं. साहेबाने मशीनसमोर बोलायचं, टायपिस्टने नंतर ऐकून टाइप करायचं. ट्रान्सक्रिप्शनची नोकरी ती हीच.

याच मशीनच्या वंशातून १९०७ मध्ये डिक्टाफोन हा ब्रँड आला. २००६ मध्ये डिक्टाफोन कंपनी न्युआन्सने घेतली. आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर डॉक्टरांना विकणारी ही कंपनी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली. थोडक्यात, ज्या घराण्याने ही नोकरी जन्माला घातली, तेच आता ती गिळायला निघालंय.

बेलची एक बाजू मात्र सांगायलाच हवी. कर्णबधिरांनी खुणांची भाषा सोडून ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलावं, यावर तो अडून बसला. आई आणि बायको दोघींनाही ऐकू येत नसताना त्याची ही भूमिका होती. अनेक कर्णबधिरांचा त्याच्यावर आजही राग आहे. आवाजाच्या नादात माणसाला काय म्हणायचंय हे त्याच्याकडून सुटलं.

२ ऑगस्ट १९२२ ला बेल गेला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले गेले. १९५२ मध्ये त्याच्या नावाच्या बेल लॅब्जमध्ये ऑड्री हे मशीन शून्य ते नऊ आकडे ओळखायला लागलं.

आजची मशीन पानंच्या पानं लिहितात. तरी हायपरटेन्शनचं हायपोटेन्शन झालं, तर हाय बीपीचा पेशंट कागदावर लो बीपीचा होतो. म्हणून टायपिस्टचं काम कमी होतंय आणि मशीनने लिहिलेलं तपासणाऱ्याचं काम वाढतंय. नुसता टायपिंगचा स्पीड आता पुरणार नाही, औषधं आणि आजार कळायला हवेत.

कारण अर्थ न कळता संस्कृत म्हणणाऱ्या पोरासारखंच मशीनचंही होऊ शकतं. चूक पकडायला अर्थ कळणारा माणूस लागतो.