बापाचा डबा नेणारा मुलगा : एर्न्स्ट आबे

काकांनी फोटो स्टुडिओ बंद केला तेव्हा पडदे, छत्र्या, दिव्यांचे स्टँड असं बरंच सामान भंगारात गेलं. माझ्या वाट्याला एक लेन्स आली. जुन्या प्रॅक्टिका कॅमेऱ्यावरची, आटे फिरवून बसवायची, ५० मिलिमीटरची टेसार. ऑटोफोकस नाही, काही नाही. एक अडॅप्टर मागवून ती माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली. आतलं ग्रीस इतकं घट्ट झालेलं की फोकसची रिंग फिरवताना लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडतोय असं वाटायचं. पण त्यातून निघालेला पहिला फोटो बघून मी दोन दिवस सगळ्यांना दाखवत हिंडलो.

माझ्या एका मित्राला असंच हेडफोनचं वेड आहे. खिशात पैसे नसले तरी तोंडात कायम ड्रायव्हर, स्टेजिंग आणि रेझोल्यूशन. अमक्या हेडफोनमध्ये तबल्यावरचं बोट वेगळं ऐकू येतं, तमक्यात नाही, वगैरे. मी त्याला माझ्या लेन्सचं रेझोल्यूशन सांगायचो, तो मला त्याच्या हेडफोनचं. एकदा वाद इतका वाढला की रेझोल्यूशन म्हणजे नक्की काय, हे शोधायला मी बसलो. हेडफोनचं उत्तर आमच्यात अजून ठरलेलं नाही. भिंगाचं उत्तर मात्र दगडावर कोरलेलं सापडलं. जर्मनीतल्या येना गावी एका स्मारकावर ते सूत्र आहे आणि ते स्मारक एर्न्स्ट आबे या माणसाचं आहे. माझ्या लेन्सच्या कडेवर कार्ल झाइस आणि येना ही दोन नावं कोरलेली आहेत. आबेचं नाव कुठेच नाही. (आपल्या इंदुरात कुणाला अबे म्हटलं तर भांडण होईल, पण त्यांचं आडनाव तेच, थोडं लांबवून.)

आबेंचा जन्म २३ जानेवारी १८४० चा, आयझेनाख गावातला. ज्या वार्टबुर्ग किल्ल्यात मार्टिन ल्यूथरने लपून राहून नवा करार जर्मन भाषेत आणला, तो याच गावाच्या डोक्यावर. संगीतकार बाख जन्मला तोही इथेच. आबेंच्या घरात मात्र ना धर्मशास्त्र होतं ना संगीत. वडील सूतगिरणीत कामगार. दिवसाचे चौदा तास काम, आणि मागणी जोरात असली की सोळा. मधल्या जेवणाला सुट्टी नाही. लहानगा एर्न्स्ट दुपारी डबा घेऊन गिरणीत जायचा. वडील यंत्राला टेकून, उभ्या उभ्याच घाईने जेवायचे, रिकामं भांडं मुलाच्या हातात द्यायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. उंच, दणकट बांध्याचा हा माणूस पन्नाशीच्या आतच म्हातारा दिसू लागला. हे सगळं आबेंनी उतारवयात, स्वतः कारखान्याचे प्रमुख असताना, भर सभेत सांगितलं.

हे वाचताना मी थांबलो, कारण ही गोष्ट आमच्या घरातली आहे. आजोबा इथल्याच एका कापडगिरणीत होते. आजी सांगते की भोंगा व्हायच्या आत डबा फाटकावर पोचला पाहिजे म्हणून ती चुलीवरची भाकरी तव्यावरून थेट फडक्यात बांधायची. पुढे गिरणी बंद पडली. देणं काही वर्षांत मिळेल म्हणाले होते. आजोबा गेले, तरी कागद आमच्या पत्र्याच्या ट्रंकेतच होते. त्याबद्दल पुढे येतोच.

वडिलांच्या मालकाने या हुशार मुलाच्या शिक्षणाला हातभार लावला. शाळा संपवून आबे आधी येनाला आणि मग ग्योटिंगेनला शिकले. तिथे रीमान आणि वेबर यांच्यासारखे शिक्षक मिळाले. १८६१ मध्ये डॉक्टरेट, १८६३ पासून येनाच्या विद्यापीठात शिकवायला सुरुवात. खिसा कायम रिकामा. पुढे १८७१ मध्ये त्यांनी आपल्याच एका प्राध्यापकांच्या, स्नेल यांच्या मुलीशी लग्न केलं.

१८६६ मध्ये कार्ल झाइस त्यांच्याकडे आले. झाइस हे विद्यापीठाचे मेकॅनिक. १८४६ पासून त्यांचं येनात वर्कशॉप होतं आणि सूक्ष्मदर्शक बनवण्यात चांगलं नाव होतं. पण बनवायची रीत कशी? कारागिराने भिंगं घासायची, एकमेकांवर रचायची, डोळा लावून बघायचं, नाही जमलं तर एक काढून दुसरं घालायचं. आमच्या आजीचं मीठ घालणं असतं तसं. हाताला गुण असेल तर जमून जायचं. झाइसना हे नको होतं. आधी कागदावर गणित मांडून मग काच घासावी, आणि प्रत्येक नग सारखाच निघावा, असा त्यांचा हट्ट होता. गणित येणारा माणूस हवा होता, म्हणून आबे.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण हुशार माणूस इथे सपशेल आपटतो. आबेंनी हिशोब केला. भिंगाच्या कडेतून येणारे किरण चित्र बिघडवतात हे सगळ्यांना माहीत होतं, तेव्हा त्यांनी भिंगाचं तोंड अरुंद ठेवलं. कागदावर सगळं चोख. कारागिरांनी त्याबरहुकूम भिंगं बनवली, आणि ती आधीच्या अंदाजपंचे भिंगांपेक्षा वाईट निघाली! चित्र स्वच्छ, पण बारीक तपशील गायब. पगारी प्राध्यापकाचं गणित गावातल्या कारागिराच्या हातापुढे हरलं. दुसरा कुणी असता तर कारागिरांवर खापर फोडून मोकळा झाला असता. आबेंनी प्रश्नच बदलला. गणितात चूक नाही आणि कामातही नाही, मग प्रकाशाबद्दलच आपल्याला काही कळलेलं नाही का?

कळलेलं नव्हतंच. हे तुम्ही घरी बघू शकता. रात्री छत्री उघडा आणि तिच्या ताणलेल्या कापडातून रस्त्यावरच्या लांबच्या दिव्याकडे बघा. मधल्या दिव्याच्या आजूबाजूला फुलीसारखे आणखी लहान लहान दिवे दिसतील. कापडाच्या धाग्यांमधून जाताना प्रकाश बाजूला पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात. वीण जितकी बारीक, तितके हे बाजूचे दिवे लांब. आबेंच्या लक्षात आलं की वस्तूतल्या बारकाव्यांची खबर नेमकी या बाजूला पसरलेल्या प्रकाशातच असते. भिंगाचं तोंड अरुंद असेल तर तो प्रकाश आत येतच नाही, आणि जो आत आला नाही त्याचं चित्र कोणतंही भिंग बनवू शकत नाही. जुने कारागीर हे नकळत बरोबर करत होते. आबेंनी सभ्यपणे दार बंद करून घेतलं होतं.

यातून १८७३ मध्ये त्यांचा सिद्धान्त प्रसिद्ध झाला. प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंग किती रुंद कोनातला प्रकाश पकडतं, यावर दिसण्याची सीमा ठरते. उत्तम भिंग, मध्ये तेलाचा थेंब, सगळं केलं तरी साध्या प्रकाशात मिलिमीटरच्या साधारण पाच हजाराव्या भागापेक्षा बारीक काही वेगळं दिसणार नाही. स्मारकावर आहे ते हेच सूत्र. त्याच्या एक वर्ष आधीपासूनच झाइसची सूक्ष्मदर्शकं आबेंच्या हिशोबाने बनू लागली होती, तोंड रुंद ठेवून. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला तो झाइसच्याच सूक्ष्मदर्शकाखाली, आणि त्यात प्रकाश गोळा करणारा भाग आबेंचा होता. पुढच्या वर्षी कॉलराच्या शोधात कॉख कलकत्त्यालाही आले होते.

झाइसनी आबेंना १८७६ मध्ये भागीदार केलं. हेल्महोल्त्झ यांनी बर्लिनला प्राध्यापकीसाठी बोलावलं होतं, आबे गेले नाहीत. त्यांना आता काचेचा प्रश्न छळत होता. गणिताला हवी तशी काच बाजारात नव्हतीच. १८७९ मध्ये ओटो शॉट नावाच्या काचवाल्या घराण्यातल्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने आपण बनवलेल्या नव्या काचेचा नमुना आबेंकडे पाठवला. तो नमुना कामाचा निघाला नाही, माणूस निघाला. शॉट येनाला आले, १८८४ मध्ये काचेचा कारखाना उभा राहिला. बेरियम, बोरॉन, फॉस्फरस घालून अशा काचा निघाल्या की ज्या प्रकाश वाकवतात पण रंग फार फाकवत नाहीत. १८८६ मध्ये त्यांतून आणि फ्लोराइटच्या स्फटिकातून रंगाची झालर जवळजवळ नाहीशी करणारी भिंगं आली. विज्ञानासाठीच्या या सूक्ष्मदर्शकांवर आबेंनी पेटंट घेऊ दिलं नाही. कुणीही बनवावं.

कॅमेऱ्याची भिंगं हा या काचेचा जोडधंदा म्हणून सुरू झाला. आबेंनी पाउल रुडॉल्फ या गणित्याला हाताशी धरलं. १८९० मध्ये पहिलं भिंग, १८९६ मध्ये प्लानार, आणि १९०२ मध्ये चार काचांचं टेसार. आज जुन्या मॅन्युअल लेन्स गोळा करणारे आम्ही लोक ज्या नावांवरून भांडतो त्यांतली अर्धी या एका खोलीतून निघाली.

१८८८ मध्ये कार्ल झाइस वारले. आता आबे गडगंज झाले होते, आणि मला वाटतं इथेच त्यांना तो डबा पुन्हा आठवला असावा. विद्यापीठात शिकलेलं ज्ञान, शेकडो कामगारांचे हात आणि गावाची जमीन यांतून आलेला नफा आपल्या एकट्याचा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. १८८९ मध्ये त्यांनी कार्ल झाइस यांच्या नावाने एक प्रतिष्ठान काढलं. स्वतःचं नाव दिलं नाही. १८९१ मध्ये झाइस यांच्या मुलाचा वाटा पैसे देऊन घेतला गेला आणि आबेंनी आपली सगळी मालकी त्या प्रतिष्ठानाला देऊन टाकली. त्यानंतर ते तिथे पगारी व्यवस्थापक.

१८९६ ची त्यांची नियमावली मी भाषांतरात चाळली. कंटाळवाणी आहे, वकिली आहे, आणि वाचताना अंगावर काटा येतो. नेमणुकीत वंश, धर्म, पक्ष बघायचा नाही. सगळ्यात वरच्या अधिकाऱ्याचा पगार कामगाराच्या सरासरी मिळकतीच्या दहा पटींहून जास्त असता कामा नये. भरपगारी रजा, पेन्शन, नफ्यात वाटा. आणि कामगाराची चूक नसताना त्याला काढलं तर भरपाई, तीही मेहेरबानी म्हणून नाही, कोर्टात मागता येईल असा हक्क म्हणून. आमच्या ट्रंकेतले कागद मला इथे आठवले. मालक चांगला निघेल या भरवशावर कामगाराने राहू नये, हे एका मालकानेच लिहून ठेवलं होतं.

१९०० मध्ये आठ तासांचा दिवस आला. आधी कामगारांनाच विचारलं की नऊ तासांचं काम आठ तासांत होईल का, मग वर्षभर करून पाहिलं आणि आकडे मांडले. माल कमी नाही, उलट किंचित जास्तच निघाला. आबेंनी हेही भौतिकशास्त्राच्या प्रयोगासारखंच छापलं.

त्यांना संत करायची माझी इच्छा नाही. कामगार समितीला म्हणणं मांडता यायचं, पण निर्णय वरचेच घेत. मालकी कामगारांच्या हातात गेलीच नाही, ती नियमावलीच्या हातात गेली. वडीलधाऱ्याने सगळ्यांचं भलं ठरवावं असा तो कारभार होता. तरी १९०३ मध्ये येनात जे लोकगृह उघडलं, वाचनालय आणि मोठं सभागृह असलेलं, तिथे कोणत्याही पक्षाला सभा घेता यायची. त्या काळच्या जर्मनीत समाजवाद्यांना जागा मिळणं सोपं नव्हतं. त्याच वर्षी प्रकृती ढासळल्याने आबेंनी काम सोडलं. १४ जानेवारी १९०५ ला ते गेले. पासष्टाव्या वाढदिवसाला नऊ दिवस होते.

पुढचं थोडक्यात. १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य येनातून निघताना झाइसची बरीच तज्ज्ञ मंडळी पश्चिमेला घेऊन गेलं, गाव रशियनांकडे गेलं, कारखाना सरकारी झाला. एका झाइसच्या दोन झाल्या. माझी लेन्स त्या पूर्वेकडच्या. आज दोन्ही पुन्हा एक आहेत, आणि झाइस व शॉट या कंपन्या अजूनही आबेंच्या प्रतिष्ठानाच्याच मालकीच्या आहेत.

काकांनी लेन्स उघडून जुनं ग्रीस पुसून दिलं, आता रिंग लोण्यासारखी फिरते. ही टेसार पस्तीस सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. परवा आजीचा पितळी डबा फळीवरून काढला आणि तिला तो हातात धरून खिडकीपाशी बसवलं. २.८ वर फोटो जरा मऊ आला. ५.६ वर झाकणावरचं आजोबांचं नाव आणि त्याखालचा गिरणीचा नंबर, दोन्ही वाचता येतात.