अणूचे गुपित आणि नील्स बोर

अमेरिका व रशिया यांच्या दूर पल्ल्याच्या अण्वस्त्रांना मर्यादा घालणाऱ्या २०१० च्या कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. एकमेकांच्या तळांवर जाऊन अस्त्रे मोजण्याची त्यातील तरतूद तर २०२० पासूनच ठप्प झाली होती. अशा प्रसंगी अस्त्रांच्या संख्येची चर्चा पुष्कळ होते. पण राष्ट्रांनी परस्परांपासून काय लपवावे आणि काय उघड करावे, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. पहिला बॉम्ब तयार होण्यापूर्वीच हा प्रश्न ज्याने राज्यकर्त्यांपुढे मांडला, त्या नील्स बोर यांच्या चरित्राचे स्मरण आज अवश्य व्हावयास हवे, असे आम्हांस वाटते.

बोर यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८५ रोजी कोपनहेगन येथे झाला. १९१३ मध्ये त्यांनी अणूच्या रचनेचा नवा सिद्धान्त मांडला आणि १९२२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. १९२१ मध्ये उभारलेल्या त्यांच्या संस्थेत जर्मन, रशियन, जपानी असे देशोदेशीचे तरुण एकाच फळ्यापुढे उभे राहून वाद घालीत. आपले होमी भाभाही तेथे काही काळ होते. ज्ञान वाटल्याने वाढते, हे बोर यांच्या लेखी सुभाषित नव्हते. तो त्यांचा नित्याचा अनुभव होता.

१९३८ च्या अखेरीस जर्मनीत युरेनियमच्या अणुकेंद्राचे विभाजन झाले. त्यामागील तत्त्व उलगडणारा बोर व व्हीलर यांचा निबंध १ सप्टेंबर १९३९ रोजी प्रसिद्ध झाला, आणि त्याच दिवशी हिटलरच्या सेना पोलंडमध्ये शिरल्या. एप्रिल १९४० मध्ये डेन्मार्कही जर्मनांच्या टाचेखाली आला. बोर यांची आई ज्यू कुळातील होती. सप्टेंबर १९४३ मध्ये अटकेची कुणकुण लागताच ते रात्री नावेने स्वीडनला निसटले. तेथून एका ब्रिटिश विमानाच्या बॉम्ब ठेवण्याच्या कप्प्यात बसून ते इंग्लंडला गेले. वाटेत प्राणवायूअभावी ते बेशुद्ध पडले होते. पुढे निकोलस बेकर या टोपणनावाने ते अमेरिकेतील लॉस अलामोस येथे पोहोचले.

बॉम्ब यशस्वी होणार हे त्यांनी तेथे ओळखले. त्यांना चिंता होती ती त्यानंतरच्या जगाची. निसर्गाचे नियम कोणा एका राष्ट्राच्या तिजोरीत बंद राहत नाहीत. जे अमेरिकेला साधले ते रशियालाही काही वर्षांत साधणारच. मग बॉम्ब तयार होण्यापूर्वीच रशियाला विश्वासात घेऊन संयुक्त नियंत्रणाची बोलणी का करू नयेत? कृती सांगू नये, पण प्रयत्न चालू आहे एवढे तरी सांगावे, असे त्यांचे म्हणणे होते.

१६ मे १९४४ रोजी ते चर्चिल यांना भेटले. अर्ध्या तासाची ती भेट चर्चिल आणि त्यांच्या शास्त्रीय सल्लागाराच्या आपसांतील वादातच संपली. ऑगस्टमध्ये रूझवेल्ट यांनी त्यांचे म्हणणे आस्थेने ऐकून घेतले. परंतु सप्टेंबरमध्ये हाइड पार्क येथे दोन्ही नेत्यांनी जो मसुदा मान्य केला, त्यात ही सूचना फेटाळली गेली. इतकेच नव्हे, तर बोर यांच्याकडून रशियाकडे माहिती फुटू नये म्हणून त्यांच्या हालचालींची चौकशी करण्याचेही ठरले.

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. संशय बोर यांच्यावर होता, आणि रशियाला माहिती पुरवीत होता तो त्याच प्रयोगशाळेत वावरणारा क्लाऊस फुक्स! २९ ऑगस्ट १९४९ रोजी रशियाने आपला पहिला अणुस्फोट केला. गुप्ततेचा हट्ट धरणाऱ्या ब्रिटनला तर १९४६ च्या अमेरिकन कायद्याने त्याच गुप्ततेच्या भिंतीबाहेर ठेवले.

बोर खचले नाहीत. ९ जून १९५० रोजी त्यांनी संयुक्त राष्ट्रांना अनावृत पत्र लिहून खुल्या जगाचा आग्रह धरला. पुरत्या तीन आठवड्यांच्या आत कोरियात युद्ध पेटले आणि त्या पत्राचा आवाज तोफांत बुडाला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले, तेव्हा क्यूबाचा पेच सुटून जेमतेम तीन आठवडे लोटले होते.

स्टालिनने हा प्रस्ताव धुडकावलाच असता, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. पण विचारून पाहण्यात गमावण्यासारखे काय होते? गुपित तर तसेही गेलेच. गेली ती विश्वासाची संधी. १९८७ च्या करारान्वये अमेरिकन व रशियन निरीक्षक एकमेकांच्या तळांवर जाऊ लागले आणि क्षेपणास्त्रांचा एक संपूर्ण वर्ग नष्ट झाला, तेव्हा बोर यांचे म्हणणे व्यवहारात उतरते हे सिद्ध झाले. तोही करार २०१९ मध्ये संपुष्टात आला.

अस्त्र बनविण्याची कृती कोणत्याही सरकारने चव्हाट्यावर मांडावी, असे आम्ही म्हणत नाही. बोर यांनीही ते कधी म्हटले नाही. परंतु कृती गुप्त ठेवणे वेगळे आणि धोरणच अंधारात ठेवणे वेगळे. पहिल्याने शत्रू काही काळ थोपविता येतो. दुसऱ्याने आपलेच नागरिक आणि मित्र आंधळे होतात. परस्परांची अस्त्रे मोजण्याचा हक्क राष्ट्रांनी पुन्हा मान्य केल्याखेरीज कोणताही नवा करार कागदापलीकडे जाणार नाही. बोर यांना १९४४ मध्ये मिळालेला नकार जगाला किती महाग पडला, हे राज्यकर्त्यांनी विसरू नये. आणि नागरिकांनी त्यांना ते विसरू देऊ नये.