दोन समुद्रांमधला वाटाड्या

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील सेंट बीज या गावी आयरिश समुद्राच्या पाण्यात बूट भिजवायचे, तिथला एक लहानसा गोटा उचलून खिशात टाकायचा आणि पूर्वेकडे चालू लागायचे. बारा-चौदा दिवसांनी, सुमारे १९० मैल म्हणजे तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर तुडवल्यावर यॉर्कशायरमधील रॉबिन हूड्स बे हे मच्छीमारांचे जुने गाव येते. तिथे उत्तर समुद्रात पुन्हा बूट भिजवायचे आणि खिशातला गोटा लाटांच्या स्वाधीन करायचा. दरवर्षी हजारो माणसे हा विधी मनोभावे पार पाडतात. देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत नेणारी ही वाट कोणा राजाने बांधलेली नाही की सरकारने आखलेली नाही. नगरपालिकेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेल्या एका अबोल, काहीशा तुसड्या गृहस्थाने ती नकाशावर बोट फिरवून शोधली आणि स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून लोकांच्या हाती दिली. त्यांचे नाव आल्फ्रेड वेनराइट.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०७ रोजी लँकशायरमधील ब्लॅकबर्न या गिरणगावात झाला. या गावाशी आपले नाते जुने आणि कडवट आहे. हिंदुस्थानात विकल्या जाणाऱ्या धोतरजोड्या ज्या मागांवर विणल्या जात, त्यांतले कित्येक ब्लॅकबर्नचे. पहिल्या महायुद्धानंतर आपल्याकडच्या गिरण्या वाढल्या, पुढे स्वदेशीचा जोर झाला आणि ब्लॅकबर्नचे माग थंड पडू लागले. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेत गेलेल्या गांधीजींनी ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेन येथे जाऊन तिथल्या गिरणी कामगारांची मुद्दाम भेट घेतली होती, ती याच पार्श्वभूमीवर. आल्फ्रेडचे बालपण अशा धुराड्यांच्या सावलीत गेले. वडील पाथरवट होते. हाताला काम असे तेव्हा कमावत आणि बऱ्याचदा दारूत उडवत. घर चालवले ते आईने. मुलगा हुशार होता, चित्रे काढी, नकाशे गिरवीत बसे. पण तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो नगरपालिकेच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागला. रात्रीचा अभ्यास करून त्याने हिशेबनीसाची परीक्षा दिली. त्या काळी गिरणीबाहेरची, टेबलाशी बसून करायची नोकरी म्हणजे मोठीच मजल होती.

१९३० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पहिल्यांदा साठवलेल्या पैशांतून ते चुलत-मावस नात्यातल्या एका भावाबरोबर लेक डिस्ट्रिक्टला गेले. विंडरमियर गावामागची ऑरेस्ट हेड ही टेकडी आठशे फूटही उंच नाही. सह्याद्रीत फिरणारा माणूस तिच्याकडे वळूनही पाहणार नाही. पण तिच्या माथ्यावरून समोर पसरलेले सरोवर आणि त्यामागची डोंगरांची रांग दिसते. धुराड्यांखेरीज क्षितिज न पाहिलेल्या त्या तरुणावर या दृश्याचा जो परिणाम झाला, तो पुढची साठ वर्षे ओसरला नाही.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३१ मध्ये, त्यांचे रुथ होल्डन या गिरणीत काम करणाऱ्या मुलीशी लग्न झाले. १९३३ मध्ये मुलगा झाला. हा संसार पहिल्यापासून जमला नाही. आवडीनिवडी वेगळ्या, बोलणे नाही, आणि वेनराइट यांना घरात मन रमवण्याची इच्छाही नसावी. ते फुटबॉलच्या सामन्यांना जात, ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या समर्थक मंडळाच्या संस्थापकांपैकी ते एक होते, आणि जमेल तेव्हा एकटेच चालत सुटत. सप्टेंबर १९३८ मध्ये, म्युनिकच्या वाटाघाटींवर युरोपचा श्वास अडकलेला असताना, ते सेटल या गावाहून निघाले आणि पेनाइन डोंगररांगेच्या कडेकडेने हेड्रियनच्या रोमन भिंतीपर्यंत जाऊन परत आले. अकरा दिवस, दोनशे मैलांहून अधिक चाल. परतल्यावर त्यांनी या प्रवासाचे पुस्तक लिहिले आणि खणात ठेवून दिले. ते प्रसिद्ध झाले १९८६ मध्ये, तब्बल ४८ वर्षांनी.

१९४१ मध्ये त्यांनी कमी पगार पत्करून लेक डिस्ट्रिक्टच्या वेशीवरील केंडल या गावच्या नगरपालिकेत नोकरी मिळवली. तिथेच ते १९४८ मध्ये खजिनदार झाले. ताळेबंद इतके नेटके लिहिले जात की ती खातेवही पाहणे हाही आनंद असे, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे सांगितले आहे. हा नेटकेपणा लक्षात ठेवायला हवा, कारण त्यांच्या सगळ्या लेखनाचे मूळ त्यात आहे.

९ नोव्हेंबर १९५२ रोजी त्यांनी एका कोऱ्या कागदावर डव्ह क्रॅग या डोंगराच्या चढाईचे पहिले पान काढले. बेत असा होता की, लेक डिस्ट्रिक्टचे सात भाग पाडायचे, प्रत्येक भागावर एक पुस्तक करायचे आणि तेरा वर्षांत काम संपवायचे. एकाही पानात छापखान्याचा खिळा नको. मजकूर, नकाशे, चित्रे, सारे शाईने हातानेच काढलेले. सुमारे शंभर पाने झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की, ओळींची उजवी कड सरळ एका रेषेत आलेली नाही. ती सगळी पाने त्यांनी रद्द केली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली. शनिवार-रविवार बसने जायचे, कारण मोटार चालवायला ते कधी शिकलेच नाहीत. अंगात साधे ट्वीडचे जाकीट, तोंडात चिलीम. डोंगरावरून परतीची शेवटची बस चुकू नये म्हणून घड्याळाकडे लक्ष ठेवीत उतरायचे आणि आठवड्याच्या संध्याकाळी टेबलाशी बसून पाहिलेले कागदावर उतरवायचे.

पहिले पुस्तक १९५५ मध्ये तयार झाले तेव्हा त्यांच्याकडे अवघे ३५ पौंड शिल्लक होते आणि दोन हजार प्रतींच्या छपाईचा खर्च नऊशे पौंडांच्या घरात जात होता. केंडलच्या मुद्रकाने पुस्तके खपतील तसे पैसे द्या, असे सांगून काम केले. हिशेबात कधी पैची चूक न करणाऱ्या खजिनदाराने आयुष्यात केलेला हा एकमेव उधारीचा व्यवहार असावा. तो फिटला. सातवे पुस्तक १९६६ मध्ये आले, ठरल्या मुदतीत. एकूण २१४ डोंगर त्यात आले. या डोंगरांना आज इंग्लंडमध्ये ‘वेनराइट’ असेच म्हणतात आणि ते सगळे चढून होणे हा अनेकांच्या आयुष्याचा संकल्प असतो.

या पुस्तकांच्या अर्पणपत्रिका पाहण्यासारख्या आहेत. पहिले पुस्तक सरकारी सर्वेक्षण खात्यातील नकाशे बनवणाऱ्यांना अर्पण केले आहे. नंतरच्यांपैकी एक डोंगरावरचे दगडी गडगे रचणाऱ्यांना, एक तिथल्या कुत्र्यांना, एक मेंढ्यांना, तर एक चक्क स्वतःच्या दोन पायांना. सातांपैकी एकही बायकोला किंवा मुलाला नाही.

निवृत्तीच्या तोंडावर, १९६७ सालाच्या आसपास, रुथ घर सोडून गेल्या. त्याबद्दल नवल वाटावे असे काही नाही. तेरा वर्षे ज्या घरात संध्याकाळी फक्त टाकाचा आवाज येतो, त्या घरात राहणाऱ्या बाईची बाजू लिहायला कोणी टाक उचललेला नाही. वेनराइट यांनी उतारवयातील आत्मकथनात आपला दोष काही प्रमाणात मान्य केला, पण तोवर फार उशीर झाला होता. आपण वेनराइट यांच्या पुस्तकांचे कौतुक करतो तेव्हा त्यांची किंमत कोणी मोजली हेही नोंदवून ठेवणे बरे. १९७० मध्ये त्यांनी बेटी मॅक्नॅली यांच्याशी दुसरा विवाह केला. हा संसार सुखाचा झाला. बेटी मोटार चालवीत, त्यामुळे बसच्या वेळापत्रकाचा जाचही संपला.

दरम्यान, लांब पल्ल्याच्या पायवाटांचे युग सुरू झाले होते. पत्रकार टॉम स्टीफन्सन यांनी १९३५ मध्ये एका वृत्तपत्रीय लेखातून मांडलेली पेनाइन वे ही कल्पना तीस वर्षांच्या खटपटीनंतर १९६५ मध्ये प्रत्यक्षात आली. जमीनदारांच्या शिकारीच्या माळांवरून सामान्य माणसाला चालण्याचा हक्क मिळवून देणारा तो लढा होता आणि म्हणून त्या वाटेचे महत्त्व मोठे. वेनराइट यांनी १९६८ मध्ये तिचे मार्गदर्शक पुस्तक काढले, ते पूर्णतः त्यांच्या पद्धतीचे. वाट दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते म्हणून पुस्तक शेवटच्या पानाकडून पुढे आणि पान खालून वर वाचायचे. मात्र, वाट स्वतः त्यांना मुळीच आवडली नाही. पाऊस, धुके आणि पीटची दलदल. ब्लॅक हिल नावाच्या डोंगरावर ते त्या काळ्या चिखलात असे रुतले की राष्ट्रीय उद्यानाच्या रखवालदाराने ओढून बाहेर काढावे लागले. ही वाट पुरी करणाऱ्याचे कौतुक करायलाच हवे, असे त्यांना वाटले असावे. वाटेच्या शेवटी कर्क येटहोम या स्कॉटिश गावातील बॉर्डर हॉटेलात, जो चालत येईल त्याला आपल्या खर्चाने बिअर द्यावी, अशी व्यवस्था त्यांनी केली. लोक येतच राहिले आणि मरेपर्यंत वेनराइट हजारो पौंडांची बिले भरत राहिले. कंजूष म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने भरलेली ही बिले आहेत.

या नावडीतूनच दोन समुद्रांमधली वाट जन्मली. सरकारी वाटेला पर्याय म्हणून त्यांनी स्वतःच एक वाट आखली. लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर डेल्स आणि नॉर्थ यॉर्क मूर्स ही तीन राष्ट्रीय उद्याने एका माळेत ओवणारी. सेंट बीजच्या तांबड्या कड्यांवरून, समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटातून ती निघते, एनरडेलच्या सरोवराकाठून डोंगरात शिरते आणि शॅपपाशी हमरस्त्याच्या गडबडीवरून पुलाने पलीकडे जाते. पुढे कर्कबी स्टीफनच्या वरच्या बाजूला नाइन स्टँडर्ड्स या नऊ दगडी मनोऱ्यांपाशी पाणलोट बदलतो. इथवरचे ओहोळ पश्चिमेच्या समुद्राला मिळतात, इथून पुढचे पूर्वेच्या. कील्ड या चिमुकल्या खेड्यात ती पेनाइन वेला छेदते, स्वेलडेलच्या खोऱ्यातून, शिशाच्या जुन्या खाणींचे अवशेष ओलांडत रिचमंडला पोहोचते, मधला सपाट शेतीचा मुलूख पार करते आणि हेदरच्या जांभळ्या माळांवरून पुन्हा समुद्रकड्यावर येते. पश्चिमेकडून पूर्वेकडे चालावे, म्हणजे वारा आणि पाऊस पाठीवर राहतो, हा खास हिशेबी माणसाचा सल्ला.

पुस्तक १९७३ मध्ये आले. त्यात त्यांनी वाचकांना पुन्हा पुन्हा बजावले होते की, ही वाट नमुन्यादाखल आहे; नकाशा घ्या आणि आपली आपण वाट शोधा. वाचकांनी नेमके उलटे केले. त्यांनी पुस्तक हाती धरले आणि पान न चुकता त्याच वाटेने चालू लागले. त्यातून अडचणीही उभ्या राहिल्या. काही ठिकाणी वेनराइट यांनी दाखवलेल्या वाटेवर कायदेशीर वहिवाटच नव्हती. माळाच्या मालकांच्या तक्रारी आल्या आणि पुढच्या आवृत्त्यांत मार्ग बदलावा लागला. लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांवर लाखो बुटांनी गवत खरवडले गेले, उतारांवर रुंद ओरखडे पडले. दोष पुस्तकांना दिला गेला. तो सर्वस्वी खरा नाही, कारण मोटारी आणि सुट्ट्या वाढल्या नसत्या तर पुस्तके कपाटातच राहिली असती. पण अगदी खोटाही म्हणता येणार नाही. एकांताच्या ओढीने डोंगरात गेलेला आणि समोरून कोणी येताना दिसले की खडकाआड होणारा हा माणूस त्याच डोंगरांवर गर्दी घेऊन आला.

१९८० च्या दशकात बीबीसीने त्यांच्यावर मालिका केल्या. निवेदक एरिक रॉबसन प्रश्न विचारीत आणि वेनराइट एखाद्या हुंकाराने उत्तर देत. प्रेक्षकांना ते फार आवडले. १९८८ मध्ये रेडिओवरील एका प्रसिद्ध मुलाखतीसाठी लंडनला येण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा मुलाखतकर्तीलाच मँचेस्टरला यावे लागले. पुस्तकांचे उत्पन्न मात्र त्यांनी स्वतःवर खर्च केले नाही. ते मोठ्या प्रमाणात केंडलजवळच्या बेवारस कुत्र्या-मांजरांच्या आश्रमाला गेले. शेवटच्या काही वर्षांत दृष्टी गेली. रेषेची कड सरळ नाही म्हणून शंभर पाने टाकून देणाऱ्या माणसाला रेघ दिसेनाशी झाली.

२० जानेवारी १९९१ रोजी, ८४ वर्षे पूर्ण झाल्यावर तीनच दिवसांनी, त्यांचे निधन झाले. २००२ मध्ये त्यांच्या नावाने संस्था स्थापन झाली. तिने पाठपुरावा केला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने समुद्र ते समुद्र वाटेला राष्ट्रीय पायवाटेचा दर्जा मंजूर केला; तिच्यावर फलक, फाटके आणि दुरुस्तीसाठी ५६ लाख पौंडांची तरतूद केली. सरकारी वाटेला कंटाळून काढलेली वाट अशी सरकारी झाली. वेनराइट यांना हे रुचले असते का, याविषयी त्यांचे चाहते आजही वाद घालतात.

त्यांच्या इच्छेनुसार २२ मार्च १९९१ रोजी बेटी आणि मोजके स्नेही हेस्टॅक्स या डोंगरावर चढले. हा डोंगर २१४ पैकी सर्वात उंच नाही. जेमतेम सहाशे मीटरचा, पण त्यांचा सर्वात लाडका. माथ्याजवळ एक लहानसे तळे आहे, त्याचे नावच अनामिक तळे. त्याच्या काठी त्यांची रक्षा विखुरण्यात आली. तिथे कोणतीही समाधी नाही. जवळच्या बटरमियर गावच्या चर्चमध्ये खिडकीपाशी एक छोटी पाटी तेवढी आहे, आणि त्या खिडकीतून वर पाहिले की हेस्टॅक्स दिसतो.